स्वमग्न मूल, इलाज आणि दूरचे प्रवास : काही गैरसमज

हाक मारली असता मूल वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, शिकलेले चार शब्दही हळूहळू टाकून देते, आणि अखेरीस बालविकासतज्ज्ञ ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, असे निदान कागदावर लिहून देतात, तेव्हा आईबापांच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न ‘याला औषध काय?’ हाच असतो. ही अवस्था नाहीशी करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर होय. परंतु ते ऐकून घरी परतलेल्या कुटुंबाभोवती इलाजांची गर्दी जमण्यास वेळ लागत नाही. कोणी गाणगापूरच्या पौर्णिमा करावयास सांगतो, कोणी पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची तजवीज करून देतो, परदेशस्थ आप्त जादा दाबाने प्राणवायू देणाऱ्या पेटीची आणि डॉल्फिनसोबत पोहण्याच्या शिबिरांची माहिती कळवितात. या वाटांनी जाणारी माणसे अडाणी असतात, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. उच्चशिक्षित, वैद्यकीय पेशातली कुटुंबेसुद्धा या वाटांनी गेलेली आहेत, आणि त्यांना तेथे नेणारी गोष्ट अज्ञान नसून अपत्यावरील माया असते.

चुकीच्या इलाजांचा उगम पुष्कळदा कारणांविषयीच्या चुकीच्या कल्पनांत असतो. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्थान दिले. पण त्यानंतरची कित्येक वर्षे आईच्या थंड, निष्प्रेम वागणुकीमुळे मूल असे होते, हा निर्दय सिद्धान्त प्रतिष्ठित राहिला आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्याला अधिकच बळ दिले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्या सिद्धान्ताचे खंडन केले होते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि मेंदूची ही वेगळी घडण बव्हंशी जन्मापूर्वीच सुरू होते, हे आता प्रस्थापित झाले आहे. तरीही ‘तू नोकरी करीत होतीस म्हणून’, ‘त्याच्या हाती मोबाइल दिलास म्हणून’ अशी दूषणे आपल्या घराघरांतील आयांना आजही सोसावी लागतात, आणि त्या दूषणांचे ओझे उतरविण्यासाठी आई कोणताही इलाज करावयास तयार होते.

लशीसंबंधीचा गैरसमज याच जातीचा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील लशीकडे बोट दाखविणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली आला, तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांचे नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या दृष्टीने फरक आढळला नाही. परंतु लशीतील पाऱ्याने मेंदू बिघडतो अशी जोडकल्पना एव्हाना रूढ झाली होती, आणि तिच्यातून शरीरातील धातू औषधाने उपसून काढण्याचा, ‘किलेशन’चा, प्रघात निघाला. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णाला हा उपचार योग्यच आहे. मात्र २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात स्वमग्नतेसाठी हे औषध शिरेतून दिले जात असता एका पाच वर्षांच्या मुलाच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून त्याचा मृत्यू झाला. ‘फायदा झाला तर झाला, नुकसान तर नाही’ हे वाक्य प्रत्येक इलाजासंबंधी उच्चारले जाते. त्या मुलाच्या मरणानंतर ते उच्चारण्याचा अधिकार कोणालाच उरू नये.

‘पण आमच्या डोळ्यांदेखत त्याच्यात फरक पडला’, या पालकांच्या साक्षीला मात्र खोटे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच ती नीट तपासली पाहिजे. पचनक्रियेशी संबंधित सिक्रेटिन हे संप्रेरक एका तपासणीसाठी टोचले असता तीन स्वमग्न मुलांच्या बोलण्यात व नजरेत सुधारणा झाली, असे वृत्त १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या एका टोचणीसाठी कुटुंबे दूरदूरचे दवाखाने गाठू लागली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर रीतसर चाचणी झाली : निम्म्यांना संप्रेरक, निम्म्यांना निव्वळ क्षारजल, आणि कोणाला काय मिळाले हे पालकांपासून व परीक्षकांपासून गुप्त. सुधारणा दोन्ही गटांत दिसली. दोहोंमध्ये लक्षणीय तफावत मात्र निघाली नाही. हा निकाल समजल्यानंतरही निम्म्याहून अधिक पालकांना ते औषध हवेच होते, ही त्या चाचणीतील मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटणारी नोंद आहे.

क्षारजलाने मुले सुधारली कशी, याचे उत्तर मुलांच्या वाढीत आहे. स्वमग्न मूल वाढत असते, शिकत असते. त्याची प्रगती संथ आणि असमान असते, कधी सहा महिने काही घडत नाही आणि मग पंधरवड्यात दोन शब्द येतात. पालक नवा इलाज आरंभितात तो बहुधा परिस्थिती अगदी बिकट झाली असता, आणि बिकट काळ स्वभावतःच काहीसा ओसरतो. शिवाय खर्च करून, रजा काढून, आशेने भारलेले आईबाप त्या दिवसांत मुलाकडे एरवीपेक्षा अधिक लक्ष देतात; मूल त्या लक्षाला प्रतिसादही देते. प्रगती खरी असते. तिचे श्रेय तेवढे भलत्याच ठिकाणी जमा होते.

महाराष्ट्राचा याच्याशी निकटचा संबंध आहे, कारण मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचारासाठी मुंबईच्या परिसरात देशातूनच नव्हे, तर परदेशांतूनही स्वमग्न मुलांना आणले गेले आहे. कंबरेच्या हाडातून मज्जा काढावयाची, तीतील पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यातील द्रवात सोडावयाच्या, अशी ती प्रक्रिया. तीसाठी मुलाला भूल द्यावी लागते आणि खर्च लाखांच्या घरात जातो. मूल स्वतःच्याच पेशी घेते म्हणून धोका नाही, असे पालकांना सांगितले जाते. पण भूल, हाडात शिरणारी सुई आणि कण्यातील द्रवापर्यंत पोहोचू शकणारा जंतुसंसर्ग यांत तो असतोच. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाने मूलपेशी असलेल्या नाळेच्या रक्ताच्या उपचाराची १८० मुलांवर घेतलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि सामाजिक वर्तनातील सुधारणा हे जे तिचे मुख्य उद्दिष्ट होते ते साध्य झाले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारादी ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचा वापर मंजूर संशोधनाबाहेर करता येत नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असे स्पष्टपणे नमूद केले. संशोधन म्हणून उपचार देतो असे सांगणारा जर त्याचे शुल्क मागत असेल, तर पालकांनी तेथून परतावे. चाचणीतील मुलाकडून त्या उपचाराचा मोबदला घ्यावयाचा नसतो.

प्रवासाविषयी मी वेगळ्या दृष्टीने बोलेन. टेक्सासमधील लेखक रूपर्ट आयझॅकसन यांनी आपल्या स्वमग्न मुलाला २००७ मध्ये मंगोलियात नेले, घोड्यांवरून रानावनांतून फिरविले, तेथील शामनांकडून, म्हणजे पारंपरिक मांत्रिकांकडून, विधी करविले, आणि त्यावरील पुस्तक व चित्रपट जगभर पोहोचले. त्या मुलाचे आकांत कमी झाल्याचे ते सांगतात. परंतु मुलगा स्वमग्नच राहिला, हेही त्यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि ऐकणारे नेमके तेवढेच विसरतात. घोड्याच्या पाठीवर मुलाला आनंद होत असेल तर त्याला अवश्य बसवावे. आनंदाला वैद्यकीय समर्थनाची गरज नसते. मात्र दिनक्रम मोडला की व्याकूळ होणाऱ्या आणि विमानतळाच्या गोंगाटाने कान झाकून घेणाऱ्या मुलाला केवळ ‘बरे’ करण्याच्या आशेवर दूरदेशी नेणे ही निराळी बाब होय. डॉल्फिनांच्या सहवासाने स्वमग्नता उणावते, असे सिद्ध करणारी भक्कम चाचणी नाही. भारत सरकारने तर २०१३ मध्ये करमणुकीसाठी डॉल्फिन कोंडून ठेवण्यालाच मनाई केली.

देवदर्शनालाही माझा आक्षेप नाही. गाणगापूरला जाऊन आईच्या मनाला धीर येत असेल तर तिने जावे. पण ‘बाधा’ उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये अपराध आहे. पोळी व दूध बंद करण्याच्या आहाराने स्वमग्नता जाते, यालाही भरवशाचा आधार नाही, आणि मोजकेच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यात कुपोषण होऊ शकते. ‘आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी’ हेही सरसकट मानू नये : बोस्टनमधील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

मग उपाय काहीच नाही, हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी खेळता-बोलताना त्याच्या संकेतांना प्रतिसाद कसा द्यावा हे शिकविले, आणि आपण होऊन संवाद आरंभिण्याचे मुलांचे प्रमाण वाढले. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, चित्रांच्या साहाय्याने मागणे शिकविणे, झोप, फिट्स वा अतितीव्र चिडचिड यांवर डॉक्टरांच्या देखरेखीखालील औषधे, ही मदत मुलाचे आणि कुटुंबाचे जगणे खरोखर सुकर करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

तेव्हा पालकहो, लांबच्या इलाजासाठी ठेव मोडण्यापूर्वी किंवा घर गहाण टाकण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात एकवार जाऊन या. तेथे शिकविणे सुरू करण्यासाठी अंतिम निदानाच्या दाखल्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाच्या विकासाविषयी शंका येणे एवढेच पुरेसे आहे.