दहा नंबरची जर्सी

मैदानाच्या काठावरून : लेखांक ९

५ डिसेंबर २००४. बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना रंगला होता, गोव्याचा डेम्पो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पो एका गोलनं पुढे होता आणि तो गोल होता ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचा. सामना संपायला थोडाच वेळ उरलेला असताना तो चेंडू घेऊन पुन्हा आत घुसला. बागानचा तरुण गोलरक्षक सुब्रत पाल पुढे झेपावला, चेंडू जाळ्यात गेला आणि दोघे एकमेकांवर आदळले. क्रिस्तियानो मैदानावर पडला तो उठलाच नाही. डेम्पोनं करंडक २-० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. वय पंचवीस.

मैदानावरच्या अपुऱ्या वैद्यकीय सोयींवर नंतर बरीच टीका झाली, महासंघानं पालवर दोन महिन्यांची बंदी घातली. डेम्पोनं मात्र आपल्या पातळीवर एक निर्णय घेतला : दहा नंबरची जर्सी यापुढे कोणालाही द्यायची नाही. फुटबॉलमध्ये हा नंबर म्हणजे संघातला मानाचा पाट. नव्यानं येणारा प्रत्येक स्टार खेळाडू तोच मागतो. तो रिकामा ठेवायचा म्हणजे दर मोसमात कुणाला तरी ‘नाही’ म्हणायचं. त्याच मोसमात डेम्पोनं पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली आणि पुढच्या सात वर्षांत आणखी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, सगळी दहा नंबरशिवाय.

मागच्या लेखात आपण क्लबच्या रंगांविषयी आणि घोषणांविषयी बोललो. दुःखाची गोष्ट वेगळी आहे. ते विकत आणता येत नाही, आणि त्याचा नुसता देखावा केला तर पाठीराख्यांना लगेच वास येतो. क्लबनं काय म्हटलं याकडे ते फारसं लक्ष देत नाहीत, त्यासाठी काय सोडलं ते बघतात.

मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावर अपघात झाला, २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. ओल्ड ट्रॅफर्डच्या भिंतीवर त्या तारखेचं घड्याळ आहे आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. पण या गोष्टीची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. अपघातात जायबंदी होऊन ज्याचा खेळ कायमचा थांबला, त्या जॅकी ब्लँचफ्लावरला क्लबच्या मालकीचं घर सोडावं लागलं. वाचलेल्यांसाठी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी मदतीचा सामना झाला तो थेट १९९८ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि त्यालाही एरिक कांतोनाच्या निरोपाची जोड दिलेली होती. घड्याळ टांगणं स्वस्त पडतं, घर देणं महाग.

तोरिनोची रीत मला जास्त भावते. ४ मे १९४९ रोजी त्यांचा जवळजवळ संपूर्ण संघ तुरीनजवळच्या सुपर्गा टेकडीवर विमान आदळून संपला, एकूण ३१ जण गेले. लीगचे चार सामने शिल्लक होते. तोरिनोनं त्यात आपली पोरं उतरवली, तेव्हा समोरच्या संघांनीही आपापले युवा संघच मैदानात पाठवले. आजही दर ४ मे रोजी कप्तान टेकडीवर जाऊन सगळी नावं मोठ्यानं वाचतो. भाषण नाही, फक्त नावं.

आपल्याकडे कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर बागान-ईस्ट बंगाल सामन्यात दंगल होऊन सोळा प्रेक्षक मेले. त्या दिवशी तिथे रक्तदान शिबिरं भरतात. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन क्लबांचे लोक त्यात सामील होतात.

आता पुण्याकडे येऊ. कांतीरवावरचा तो गोलरक्षक सुब्रत पाल पुढे आपल्या पुणे एफसीचाच झाला. जानेवारी २०११ मध्ये दोह्याच्या आशिया करंडकात तो भारताच्या गोलपोस्टमध्ये उभा राहिला, त्याचे बचाव पाहून परदेशी पत्रकारांनी त्याला स्पायडरमॅन म्हटलं, तेव्हा त्याचा क्लब पुण्याचा होता. २०१६ साली त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. एका अपघातानं माणसावर शिक्का बसू नये, हाही स्मरणाचाच भाग, असं मी मानतो. ही गोष्ट पुण्यानं अभिमानानं सांगायला हवी होती.

सांगणार कोण? २००७ साली सुरू झालेला, २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ मध्ये गुंडाळला गेला. भारत एफसी एकच मोसम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. डेव्हिड त्रेझेगेला घेऊन, हृतिक रोशनच्या झगमगाटात आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला मिळाली. बालेवाडीत नारिंगी टी-शर्ट घालून ओरडणारी मुलं एका मोसमात बिनक्लबची झाली. निरोपाचा सामनासुद्धा झाला नाही.

क्लबच मेला की त्याची तारीख पाळणारं कुणी उरत नाही. डेम्पोही २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, पण गोव्यात तो आहे, खेळतो आहे. पुण्यात मालकांनी संघ आणले, क्लब रुजवले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. दोष पाठीराख्यांचा नाही.

तेव्हा पुढचा मालक पुण्यात येईल आणि सिनेतारा घेऊन पत्रकार परिषद घेईल, तेव्हा पत्रकारांनी आणि प्रेक्षकांनी त्याला आधी इतकंच विचारावं : मैदान कोणाचं, अकादमी कुठे, आणि तोटा झाला तरी किती वर्षं थांबणार?

(पुढील आठवड्यात : कोल्हापूरच्या तालमी आणि पेठांचा फुटबॉल)