थट्टा आणि हेटाळणी

दुसऱ्याला हसण्यासाठी आपल्या मराठीत पुष्कळ शब्द आहेत. थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी, टोमणा, हेटाळणी. वरवर पाहिले तर सारे एकाच घरचे दिसतात. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. तो आपण ओळखून घेऊ.

थट्टा बरोबरीच्या माणसांत चालते. साखरखेर्ड्याच्या बाजारात बहिणीचा नवरा भेटला की आपण म्हणतो, "काहून भाऊजी, आज ताईनं घराबाहेर कसं सोडलं?" भाऊजी हसतात आणि उलट टोला देतात. लग्नात विहिणी-विहिणींची थट्टा अशीच रंगते. दोघेही हसतात. थट्टेने माया वाढते.

चेष्टेत थोडी खोडी असते. कोणाची चप्पल लपवली, कोणाचे धोतर खाटेला बांधले. एखाद्या वेळी ठीक आहे. पण रोज त्याच माणसाला धरले, तर ती कुचेष्टा होते. 'कु' म्हणजे वाईट.

टिंगल म्हणजे चार जणांनी मिळून एकाला हसणे. एखादा अडखळत बोलतो. त्याच्यासारखे बोलून दाखवायचे आणि खिदळायचे, ही टिंगल. हसणारे अनेक असतात, सोसणारा एकटा असतो. टवाळी तिचीच बहीण. कोणी चांगले काम करू लागला की ते हसण्यावारी नेणे म्हणजे टवाळी.

टोमणा सरळ जात नाही. सासू शेजारणीशी बोलते, पण सुनेला ऐकू जाईल असे बोलते. "काही जणींना माहेराहून कामाची सवयच नसते, बाई!" सुनेला उत्तरही देता येत नाही. नाव तिचे घेतलेलेच नसते.

हेटाळणी या सर्वांत जड. तिच्यात हसू थोडे आणि तिरस्कार फार. समोरचा आपल्यापेक्षा हलका आहे, असे मनात धरूनच आपण त्याला हिणवतो. कोणाची जात काढायची, कोणाचे व्यंग काढायचे, मूल नाही म्हणून एखादीला वांझ म्हणायचे. ही सारी हेटाळणीच.

ज्याला सही येत नाही त्याला लोक 'अंगठेबहाद्दर' म्हणतात. बहाद्दर म्हणजे शूर. शब्द चांगला, पण उलट अर्थाने फेकलेला. याला उपरोध म्हणतात. असा माणूस शिकायला निघाला, तरी लोक गप्प बसत नाहीत. "म्हातारपणी पाटी घेतली!" म्हणून टवाळी करतात. कित्येक जण त्या भीतीने वर्गाच्या दारातूनच परत फिरतात. मग सातबारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि तो सांगेल ते खरे मानावे लागते. हसणाऱ्याचे काही जात नाही. न शिकणाऱ्याचे मात्र शेतही जाऊ शकते.

हेटाळणी कधी नावातच जाऊन बसते. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून काही घरांत तिचे नाव 'नकुशी' ठेवत. म्हणजे नको असलेली. ती पोर जन्मभर त्याच नावाने 'ओ' देणार. सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना २०११ साली समारंभ करून नवी नावे देण्यात आली. वस्त्यांचेही तसेच. गावोगाव वस्त्यांना जातीची नावे होती. ती बदलावीत असे महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ठरवले. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणे हा तर १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पण सारे काम कायद्याने होत नाही. आपल्याच गावची गोष्ट पाहा. १७२४ साली साखरखेर्ड्याला मोठी लढाई झाली. निजाम-उल-मुल्क जिंकला आणि मुबारिझखान मारला गेला. विजयाची खूण म्हणून गावाला 'फत्तेखेर्डा' असे नाव देण्यात आले. पण आज गाव साखरखेर्डाच आहे. लोकांनी जे नाव तोंडात ठेवले तेच राहिले. कोणता शब्द जगवायचा आणि कोणता टाकायचा, हे शेवटी लोकांची जीभ ठरवते. हिणवणारे शब्दही आपल्याच जिभेवर जगतात.

म्हणून 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' असे करू नये. बोलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या. ज्याला बोलतो, तोही हसेल काय? आपल्याला उलट बोलण्याची त्याला मोकळीक आहे काय? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल तर खुशाल थट्टा करावी. 'नाही' असेल तर तो शब्द गिळावा.

आता या धड्यातले सहा शब्द पाटीवर लिहा: थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी, टोमणा, हेटाळणी. सहाही वाचता आले पाहिजेत. वापरायला पहिला पुरे आहे.