मुलांचें इंग्रजी आणि घरांतील वडील मंडळी

भीमेच्या कांठीं वसलेलें वडगाव रासाई हें शिरूर तालुक्यांतील गांव; नदी ओलांडली कीं दौंड तालुका लागतो. सभोंवार उंसाचे मळे आहेत. दरसाल गौरी-गणपतींस आमची पांगलेली सर्व मंडळी तेथील जुन्या घरीं एकत्र जमते. गेल्या खेपेस पडवींत बसून तिसरींतली माझी पुतणी इंग्रजीचा अभ्यास करीत होती. "राम आंबा खातो" या वाक्याचें भाषांतर तिनें मोठ्यानें वाचलें, "राम अ मँगो ईट्स." मला हंसूं आवरलें नाहीं, माझ्यामागून सगळी पडवी हंसली. पोरीनें वही मिटली, आणि पुढें सुटी संपेपर्यंत तिच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्दही निघाला नाहीं.

रात्रीं विचार करूं लागलों तेव्हां माझीच मला लाज वाटली. मुलीनें केलें तरी काय? आधीं कर्ता, मग कर्म आणि शेवटीं क्रियापद, हा क्रम तिनें आईच्या मांडीवर शिकलेला. त्याच क्रमानें तिनें इंग्रजी शब्द मांडले. इंग्रजींत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येतें, ही गोष्ट तिला कोणीं नीट समजावून दिलीच नव्हती.

महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जातें. त्यामुळें मराठी व्याकरणाची तोंडओळख होण्यापूर्वींच मुलाला दुसऱ्या भाषेच्या घडणीशीं झगडावें लागतें. ही अडचण पूर्वींच्या विद्वानांनीं ओळखली होती. आगरकरांनीं १८८८ सालीं वाक्यमीमांसेवर मराठींत स्वतंत्र पुस्तक लिहिलें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर आपल्याकडील कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी गिरविलें. मराठी वाक्य समोर ठेवून त्यावरून इंग्रजी वाक्य बांधावयाचें, अशी त्या पाठमालेची रीत. याच तर्खडकर घराण्यांतील डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या मुंबईच्या घरीं १८७८ सालीं तरुण रवींद्रनाथ ठाकूर विलायतेस जाण्यापूर्वीं इंग्रजीच्या सरावासाठीं राहिले होते. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा विलायत पाहून आलेली. तिच्याशीं बोलून इंग्रजी संभाषणाची संवय व्हावी, हा त्यामागील हेतु. एवढ्या मोठ्या कवीसही परकी भाषा घरगुती बोलण्यांतून शिकावी लागली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां घरच्या घरीं काय करतां येईल तें सांगतों. मुलाला प्रथम मराठी वाक्यांतील मर्म दाखवावें. "रामानें रावणाला मारलें" आणि "रावणाला रामानें मारलें" या दोहोंचा अर्थ एकच. कारण कोणीं मारलें व कोणाला मारलें, हें विभक्तीचे प्रत्यय सांगतात. इंग्रजींत नामाला तसे प्रत्यय नाहींत, तेथें जागाच अर्थ ठरविते. "राम किल्ड रावण" यांतील दोन नांवांची अदलाबदल केली कीं रामायणच उलटें होतें! एवढें एक उदाहरण पटलें कीं क्रमाचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

जुन्या पोस्टकार्डांच्या चिठ्ठ्या कापून प्रत्येकीवर एकेक शब्द लिहावा आणि मुलाला जमिनीवर वाक्य मांडूं द्यावें. मग एका वेळीं एकच चिठ्ठी बदलावी. "आय ईट" मधील "आय" काढून "शी" ठेवली कीं "ईट"चें "ईट्स" होतें, हें मुलाच्या डोळ्यांना दिसतें. "झाडावर" यांतला "वर" आपल्याकडे नामाच्या मागून येतो, तर "ऑन द ट्री" यांत तो पुढें जाऊन बसतो, हेंही चिठ्ठ्या सरकवून कळतें. "अ" आणि "द" यांना मराठींत तंतोतंत जोड नाहीं. त्यांचे नियम पाठ करवूं नयेत, तयार वाक्यें वारंवार कानीं पडूं द्यावींत. "मला भूक लागली आहे" यासारख्या वाक्याचें शब्दशः भाषांतर होतच नाहीं. तेथें "आय ॲम हंग्री" हें अखंड वाक्यच तोंडीं बसवावें. दिवेलागणीनंतर रोज दहा मिनिटें दिलीं तरी पुरेत. चूक झाली तर बरोबर वाक्य आपण सहज पुन्हां उच्चारावें, आणि हंसूं तेवढें गिळावें.

एकत्र कुटुंबांत शिकविणारीं माणसें पुष्कळ असतात, तशीं हंसणारींही पुष्कळ असतात. एका मास्तरापुढें झालेली फजिती मूल विसरतें. आजोबा, काका, आत्या, भावंडें या सर्वांसमक्ष झालेली विसरत नाहीं. इंग्रजी आलें तर उत्तमच. परंतु आपल्या माणसांपुढें तोंड उघडण्याचें धैर्य एकदां गेलें, तर तें कोणत्या पाठमालेनें परत येणार?

यंदा मीं चिठ्ठ्या बरोबर नेल्या होत्या. पहिले दोन दिवस पोरगी दुरूनच पाहात राहिली. तिसऱ्या दिवशीं जवळ आली, दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि म्हणाली, "काका, तुमचा राम मेला!" पुन्हां सगळी पडवी हंसली, पण या खेपेस सर्वांच्या आधीं तीच हंसली होती.