लग्नाआधीचे त्वचोपचार : वेळेचे गणित

तुळशीचे लग्न लागले की ठाणे, डोंबिवली, कल्याणमधील मंगल कार्यालयांबरोबरच ब्युटी पार्लर आणि त्वचारोगतज्ज्ञांचे दवाखानेही गजबजू लागतात. कार्यालय कित्येक महिने आधी ठरवणारी मंडळी चेहऱ्याचा विचार मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात करतात आणि घोटाळा होतो तो इथेच.

त्वचेचा वरचा थर नवा होण्यास साधारण ४ आठवडे लागतात. सौम्य केमिकल पीलनंतरही ३ ते ७ दिवस त्वचा कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात. अशा त्वचेला हळदीच्या दिवशी हळद लागली तर ती चुरचुरणारच. म्हणून शेवटचे पील लग्नाच्या ३-४ आठवडे आधीच उरकावे. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झाला की मागे काळे डाग उरतात आणि ते कित्येक महिने हटत नाहीत. उपचारानंतर ऊन लागले तर हा धोका वाढतो. गोव्याच्या किनाऱ्यावर मधुचंद्राला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. भर दुपारी फडके रोडवर खरेदीसाठी हिंडणेही त्यात आलेच!

लेसरने केस काढण्यासाठी ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, तेव्हा सुरुवात सहा-आठ महिने आधी हवी. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे २ आठवडे जातात. ब्लीच किंवा केसांचा रंग प्रथमच वापरायचा असल्यास तो कानामागे किंचित लावून ४८ तास वाट पाहावी.