धार चुकत नाही, मग नोंद का चुकते?

लेखमाला : कामाची घडी – लेखांक ५

चांगली कल्पना पटली की ती आपोआप अंगवळणी पडते, असे आपण गृहीत धरतो. आणि पडली नाही की माणसाला आळशी ठरवून मोकळे होतो. कल्पना सुचणे आणि पटणे यांचा विचार या लेखमालेत झाला. आता ती टिकते कशी ते पाहायचे आहे, आणि त्यासाठी राजुरीसारख्या गावातला गोठा मला सर्वांत योग्य वाटतो. जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याच्या पूर्वेला कल्याण-नगर महामार्गालगतचे हे गाव दुधासाठी ओळखले जाते. अशा गावातल्या गोठ्यात एकच माणूस एकाच गाईसाठी दोन कामे करतो. एक, धार काढणे. घरात लग्न असो, दुखवटा असो, बाहेर मुसळधार पाऊस असो, पहाटे आणि संध्याकाळी धार निघतेच. दुसरे, गाय माजावर कधी आली, कधी भरवली, याची तारीख लिहून ठेवणे. हेही त्याला पटलेले असते. मेळाव्यात ऐकलेले असते, वही आणलेली असते. तरी पुष्कळ गोठ्यांत त्या वहीची सुरुवातीची पाने तेवढी भरतात आणि पुढची कोरी राहतात. माणूस तोच, गाय तीच, गोठा तोच. मग आळस आणि अज्ञान ही दोन्ही नेहमीची कारणे इथे बाद होतात. जो वर्षानुवर्षे पहाटे उठतो त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. फरक माणसात नाही, कामाच्या बांधणीत आहे, हे माझे म्हणणे आहे.

धारेची बांधणी पाहा. कास भरली की गाय हंबरते. काम स्वतःच हाक मारते. संकलन केंद्राची वेळ ठरलेली असते आणि दुधाची गाडी कुणासाठी थांबत नाही. दूध घातले की फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) तिथेच मोजले जाते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरत आला आहे, म्हणून काल पेंड कमी पडली की पाणी जास्त पडले, याचा निकाल पावतीवर दिसतो. आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. पगार हा शब्द शेतकऱ्यांनी उगाच उचललेला नाही. शेतीतल्या दुसऱ्या कोणत्याही मालाला असा नेमाने येणारा पैसा नाही. ही रचना एका रात्रीत झालेली नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी आणंदला खेडा जिल्ह्याचा दूध संघ नोंदला गेला, त्रिभुवनदास पटेलांनी गावोगाव संस्था उभ्या केल्या, १९४९ मध्ये वर्गीस कुरियन तिथे पोचले. दूध संघांचे मोठेपण सांगताना आपण त्यागाची आणि नेतृत्वाची चर्चा करतो. पण दिवसातून दोनदा संकलन, प्रत्येकाच्या दुधाची तपासणी आणि वेळेवर पैसे, या तीन साध्या गोष्टींनी लाखो घरांत धारेला शिस्त आणली. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने तीच बांधणी देशभर नेली.

आता माजाच्या नोंदीकडे पाहा. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज बहुधा १२ ते १८ तास टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम पशुवैद्यक कित्येक वर्षे सांगत आले आहेत. याच पुणे जिल्ह्यात, उरुळी कांचनला, मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बायफ संस्था स्थापन केली आणि कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपलेली रेतमात्रा घेऊन माणूस गोठ्यापर्यंत येऊ लागला. साखळीतले जवळजवळ सगळे दुवे संस्थेने पक्के केले. एकच दुवा शेतकऱ्याच्या नजरेवर राहिला, माज ओळखण्याचा, आणि साखळी तिथेच तुटते. कारण या कामाला ना घंटा आहे, ना गाडीची वेळ, ना त्याच दिवशी मिळणारी पावती. एक माज चुकला तर २१ दिवस गेले, तीन चुकले तर ६३. तेवढे दिवस वेत पुढे ढकलले जाते आणि भाकड गाईला फुकट पोसावे लागते. तोटा मोठा असतो, पण तो कोणत्याही पावतीवर छापून येत नाही. न दिसणाऱ्या तोट्याने कुणाचीही सवय बदलत नाही.

उपायाची दिशा यातूनच निघते. नव्या कामासाठी नवी वेळ शोधायची नाही. जे काम चुकतच नाही त्याच्या शेपटाला ते बांधायचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडून एक नवी सवय निवडायला सांगितली. ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ असाही अंदाज निघाला. २१ दिवसांत सवय लागते हे जे सर्रास सांगितले जाते, त्याला यातून आधार मिळत नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. वहीत एक खाडा पडला की वहीच फडताळात टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. गोठ्यात अशी जोडणी पूर्वीपासून आहेच. धार काढल्यावर सडाचे तोंड काही काळ उघडे राहते. तेवढ्यात गाय खाली बसली तर दगडीची, म्हणजे कासेच्या दाहाची, लागण होण्याचा धोका वाढतो. गाय अर्धा तास उभी राहावी म्हणून राखण करणे कुणाला जमणार? पण धारेनंतर लगेच वैरण टाकली की ती उभी राहतेच. चांगली गोष्ट आधीच्या कामात विरघळून गेली. माज ओळखायलाही पहाटेची आणि संध्याकाळची वेळच उत्तम. म्हणजे माणूस योग्य वेळी योग्य जागी रोज दोनदा हजर असतोच. फक्त त्याच्या हाताशी वही नसते, ती घरात कपाटात असते.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सक्ती करा. दूध संस्थेने नोंदवही बंधनकारक करावी, काम होईल. सक्तीचा अनुभव दुसऱ्या क्षेत्रात मोजला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासायची एक यादी तयार केली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने तशीच यादी सर्वत्र लागू केली. तिथल्या १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४ साली आली, तेव्हा ०.७१ वरून ०.६५ इतकाच फरक दिसला; तो योगायोगानेही पडू शकला असता. यादी तशीच होती. माझ्या मते हुकमाने रकाने भरले जातात, काम बदलेलच असे नाही. नोंदवहीची सक्ती झाली तर तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने महिन्याभराच्या तारखा भरल्या जातील, आणि त्या खोट्या तारखांवर विसंबून निर्णय घेणे हे नोंद नसण्यापेक्षाही वाईट.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जोडायचे म्हणता, पण जोडणार कुणाच्या दिवसाला? गोठ्यातले शेण, वैरण, धार, भांडी ही कामे बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतात आणि पगाराचे खाते मात्र अनेकदा पुरुषाच्या नावे असते. तिच्यावर आणखी एक काम लादून त्याला सुधारणा म्हणणे अन्यायाचे आहे, आणि ते टिकणारही नाही. म्हणून नवे काम जोडण्याआधी जुने एक कमी केलेच पाहिजे. मुक्त संचार गोठ्यात गाई मोकळ्या राहतात, त्यामुळे दिवसभराची बांध-सोड आणि पाणी पाजणे वाचते. शिवाय मोकळ्या गाई एकमेकींवर चढतात, त्यातून माज लांबूनही ओळखता येतो. मुरघास करून ठेवला तर रोजची हिरवा चारा कापून आणण्याची खेप वाचते. आधी हे, मग वही. आणि जी नोंद ठेवते तिचाच शब्द गाय ठेवायची की विकायची या निर्णयात चालला पाहिजे; नाहीतर तिने ती का लिहावी?

घडी बसली की डोके चालेनासे होते, अशीही भीती घातली जाते. ती काही अंशी खरी आहे. दर पडतात, चारा महागतो, तरी जुनेच गणित चालू राहते. म्हणून घडीतच तपासणीचा दिवस हवा, आणि तो ठरलेलाच आहे: दुधाच्या पगाराचा. पगाराची पावती हातात असताना वही शेजारी उघडून कोणती गाय किती दिवस रिकामी आहे, एवढे एकच पाहावे.

तुमचा धंदा दुधाचा नसेल, तरी तुमच्या दिवसात न चुकणारे एक काम असेलच. पुढच्या आठवड्यापर्यंत ते कोणते, हे शोधून ठेवा. दुधाचा असेल, तर वही आजच कपाटातून काढा, तिला पेन दोरीने बांधा आणि ती दुधाच्या किटलीशेजारच्या खुंटीला अडकवा.