कोकणातली भुते आणि माणसांचे खरे अनुभव

कोकणातील भुताखेतांविषयीच्या जुन्या नोंदींमध्ये जो संग्रह अभ्यासकांना आजही वारंवार उघडावा लागतो, त्याची सामग्री जमवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव महाराष्ट्राला अगदी वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि क्रांतिकारकांच्या इतिहासातील त्या घटनेमागे जॅक्सन यांची दुसरी ओळख, म्हणजे संस्कृतचे आणि लोकसमजुतींचे अभ्यासक ही ओळख, जवळजवळ झाकली गेली. गुजरात आणि कोकणातील गावोगावच्या शाळामास्तरांकडून देवदेवता, नवस, दृष्ट, रोगराई आणि भुते यांविषयीच्या प्रश्नांना आलेली उत्तरे त्यांनी जमवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ती संपादित केली आणि कोकणावरचा खंड १९१५ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्या खंडाचे मोल असे, की भुते आहेत की नाहीत हा वाद त्यात घातलेला नाही. आजूबाजूची माणसे जे सांगत होती ते गावातल्या मास्तराने लिहून कळवले आहे. भुताच्या अनुभवाचा विचार करताना हीच सुरुवात योग्य ठरते, कारण अनुभव सांगणारा माणूस, त्याच्या शरीरात त्या क्षणी घडणारी क्रिया आणि त्या क्रियेला गावाने दिलेले नाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की एक बाजू त्या माणसाला खोटारडा ठरवते आणि दुसरी त्याला भगताच्या हवाली करते.

या नोंदींतील भुतांची वर्गवारी पाहिली म्हणजे भूत कोण होते याचा नियम ध्यानात येतो. ज्याचे आयुष्य रीतीप्रमाणे पुरे झाले नाही, किंवा ज्याच्या मागे क्रियाकर्म करणारे कुणी उरले नाही, तो मागे राहतो. मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर वस्ती करतो. संपत्तीत जीव अडकलेला, निपुत्रिक गेलेला मनुष्य समंध होऊन पुरलेल्या धनाची राखण करतो. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो पाणी ओलांडणाऱ्याला खोलात ओढतो. खवीस, झोटिंग, वीर, चेडा ही नावे तर मेलेल्याच्या जातीजमातीनुसार वाटलेली आहेत, म्हणजे मरणानेही माणसाची जात सुटलेली नाही. बायकांच्या बाबतीत वर्गवारी अधिकच बारीक होते: सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, आणि बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत गेली तर हडळ, जी पुढून भरल्या अंगाची दिसते आणि पाठमोरी झाली की नुसता हाडांचा सापळा असतो.

या शेवटच्या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्या काळात बाळंतिणीची खोली अंधारी आणि कोंदट असे आणि नाळ कापण्याचे हत्यार उकळून घेण्याची कल्पनाही नसे, त्या काळात अतिरक्तस्राव आणि सूतिकाज्वर, म्हणजे प्रसूतीनंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन येणारा ताप, हे तरुण बायकांच्या मृत्यूचे नित्याचे कारण होते. अशी बाई गेल्यावर तिच्याविषयी जी भीती घरात उरे, तिच्यात घराच्या अपराधभावाचाही अंश असावा असे मानायला पुष्कळ जागा आहे. जिच्या वाट्याला जिवंतपणी फारसे काही आले नाही, ती मेल्यावर मागायला येईल अशी ही धास्ती आहे. भुतांची ही यादी सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचली पाहिजे ती याचसाठी.

मात्र कोकण-गोव्याचा अदृश्याशी असलेला संबंध भीतीपुरता मर्यादित नाही, हेही तितकेच खरे आहे. भुतांचा राजा मानला गेलेला वेताळ वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीत वेतोबा म्हणून ग्रामदैवत झाला आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि नवस फेडताना माणसाच्या पायाला कितीतरी मोठ्या होतील अशा चामड्याच्या चपला अर्पण करतात. वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि चालून चालून चपलांचे तळ झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील राखणदाराची, म्हणजे गावाची वेस, शेत किंवा बांध सांभाळणाऱ्या देवचाराची, कल्पनाही अशीच जवळिकीची असून त्याला विडी आणि दारू ठेवण्याची रीत आहे. जे भयंकर आहे त्याच्याशी नाते जोडून त्यालाच राखणीला बसवणे हा तोडगा ज्यांनी काढला, त्यांना अडाणी म्हणून मोडीत काढणे हा उथळपणा आहे.

आता अनुभवांकडे वळता येईल. रात्रीच्या वाटेवरचा सर्वांत परिचित अनुभव चकव्याचा आहे. रानातून किंवा सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या सपाट माळावरून, ओळखीच्या वाटेने निघालेला माणूस बराच वेळ चालत राहतो आणि पुन्हा त्याच झाडाशी किंवा त्याच गडग्याशी येऊन पोहोचतो. आपण सरळच चाललो होतो याविषयी त्याची पक्की खात्री असते, आणि म्हणूनच कुणीतरी आपल्याला फिरवले असे त्याला वाटते. हा अनुभव जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतील यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष तपासला आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना घनदाट सपाट जंगलात आणि ट्युनिशियातील सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा मार्ग नोंदवला. सूर्य दिसत असताना माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आले तेव्हा जंगलातली माणसे वर्तुळात फिरू लागली आणि स्वतःचीच वाट त्यांनी न कळत पुन्हा ओलांडली. वाळवंटात रात्री चंद्र दिसेनासा झाल्यावरही चालणाऱ्याची दिशा अशीच वळत गेली. डोळे बांधून चालवलेल्यांची वर्तुळे तर कधीकधी २० मीटरहूनही लहान निघाली.

याचे कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असण्यात आहे असा एक जुना समज होता, परंतु या प्रयोगात एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत असल्याचे दिसल्याने तो टिकत नाही. समोरची दिशा कोणती याचा मेंदूचा अंदाज प्रत्येक पावलागणिक किंचित चुकत असतो. डोंगर, सूर्य, दिवा अशी एखादी दूरची स्थिर खूण दिसत असली की ती चूक आपोआप दुरुस्त होते, आणि खूण नाहीशी झाली की चुकांवर चुका साठत जाऊन वाट गोल होते. अमावास्येची रात्र, पावसाळी आभाळ आणि दाट रान एकत्र आले की ही अट तंतोतंत पुरी होते. चकवा लागला असता चालणे थांबवावे, आहे तिथेच बसून राहावे आणि उजाडल्यावर निघावे, हा म्हाताऱ्याकोताऱ्यांचा सल्ला या प्रयोगाच्या कसोटीवर पूर्णपणे उतरतो. कारण वेगळे सांगितले गेले, तरी उपाय अचूक होता.

दुसरा अनुभव घरातला, अंथरुणातला आहे. पहाटे जाग येते, डोळे उघडलेले असतात, खोली ओळखू येते, पण हातपाय हलत नाहीत आणि तोंडातून आवाज फुटत नाही. दाराशी कुणी उभे असल्याचे जाणवते, मग ते जवळ येते आणि छातीवर बसून श्वास कोंडते. वैद्यकशास्त्रात याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्ने प्रामुख्याने ज्या टप्प्यात पडतात, त्या झोपेत मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू ढिले करून ठेवतो, जेणेकरून स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात होऊ नयेत; कधीकधी जाणीव आधी जागी होते आणि स्नायूंवरचा तो ताबा सुटायला काही सेकंद किंवा एकदोन मिनिटे उशीर होतो. तेवढ्या वेळात स्वप्नाचे तुकडे खऱ्या खोलीत मिसळतात, श्वास स्वतःच्या इच्छेने खोल घेता येत नाही म्हणून छातीवर भार वाटतो, आणि धोका ओळखणारी मेंदूतील यंत्रणा सतर्क झालेली असल्याने तिथे कुणीतरी आहे ही जाणीव इतकी तीव्र होते की तिच्याविषयी शंका घेणेच अशक्य होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३६,००० हून अधिक लोकांची माहिती एकत्र केली असता, सर्वसाधारण लोकसंख्येतील सुमारे ७.६ टक्के आणि विद्यार्थ्यांमधील सुमारे २८ टक्के व्यक्तींना हा अनुभव आयुष्यात एकदा तरी आल्याचे दिसले. अपुरी व अनियमित झोप, दिवस-रात्रीच्या पाळ्यांमध्ये काम करणे आणि उताणे झोपणे यांमुळे त्याची शक्यता वाढते.

लोकविद्येचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर बसणाऱ्या म्हातारीच्या कथा तपासल्या आणि १९८२ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की ज्यांनी ती लोककथा कधी ऐकलीही नव्हती अशांना आलेला अनुभवही मूळ तपशिलांत तसाच होता. जपानमध्ये हाच अनुभव कानाशिबारी या नावाने ओळखला जातो. गाभा शरीर पुरवते आणि चेहरा गाव देते, असे या सगळ्या पुराव्यावरून म्हणता येते.

वास्तूला बाधा असते या समजुतीविषयी मात्र विज्ञानाच्या नावाने सांगितली जाणारी स्पष्टीकरणेही पारखून घ्यावी लागतात. इंग्लंडमधील अभियंते व्हिक टँडी यांनी १९९८ साली असे मांडले, की कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला सुमारे १९ कंपनांच्या ध्वनीमुळे अस्वस्थता येते आणि डोळ्यांच्या कडेला आकृती दिसल्याचा भास होतो; त्यांच्या प्रयोगशाळेतील असा ध्वनी एका पंख्यातून येत होता. ही कथा फार लोकप्रिय झाली, परंतु लंडनमधील मानसशास्त्रज्ञांनी ‘झपाटलेली’ खोली मुद्दाम तयार करून तिच्यात असा ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रे सोडून पाहिली, तेव्हा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दोन्हींचा परिणाम दिसला नाही. अनुभव मात्र अनेकांना आले, आणि त्याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण सूचना हेच ठरले, कारण येथे काहीतरी विचित्र जाणवू शकते असे त्यांना आधीच सांगितलेले होते. ओसाड वाड्याविषयी गावात जे बोलले जाते, त्याचे काम हेच आहे.

गेलेल्या माणसाची चाहूल लागणे हा अनुभव या सर्वांहून वेगळा आहे आणि त्याला भयकथांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. वेल्समधील डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २९३ विधवा आणि विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी जोडीदार जवळ असल्याचे जाणवले, दिसले किंवा त्याचा आवाज आला असे सांगितले. बहुतेकांना त्यातून आधार वाटला होता आणि बहुतेकांनी तोवर कुणाकडेही त्याची वाच्यता केली नव्हती. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना झाला म्हणजे मुलाबाळांची जबाबदारी घेऊ, अमुक इच्छा पुरी करू असे जाहीर वचन देणारे मराठी घर हेच दुःख आपल्या रीतीने बोलून दाखवत असते. अशी चाहूल लागलेल्या माणसाला वेड लागलेले नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज असते.

उपचाराच्या टप्प्यावर मात्र नाव काय दिले याला जीवन-मरणाचे महत्त्व येते. देवस्की करणाऱ्याकडे, घाडी किंवा भगताकडे लोक जातात ते पुष्कळदा डॉक्टर दूर असतो म्हणून, आणि तिथे आपले ऐकून घेतले जाते म्हणूनही. परंतु ‘बाधा’ या एकाच शब्दाखाली साधी निद्राविकृती, अपस्मार, तीव्र नैराश्य आणि बाळंतिणीचा चित्तभ्रम हे सगळे येते. यांतील शेवटचा आजार हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो, आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका निर्माण करतो आणि वेळेवर औषधोपचार मिळाल्यास पूर्ण बरा होऊ शकतो. हडळीने धरले असे जिच्याविषयी म्हटले गेले, अशा कित्येक बायका याच आजाराच्या रुग्ण असाव्यात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्रातील ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीर्घकाळ लढा दिला, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेशाच्या रूपाने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाच्या मंजुरीने अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे किंवा चपला भिजवलेले पाणी पाजणे हा त्यानुसार दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. घरातील एखाद्याने छातीवर कुणी बसल्याचे किंवा गेलेले माणूस दिसल्याचे सांगितले तर त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. आणि बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, झोपेनाशी झाली किंवा बाळाविषयी भलतेच सांगू लागली, तर उतारा काढण्यात एक रात्रही न दवडता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.