दवाखान्यातल्या यंत्राला मिस्त्री आहे, पण त्याला शिकवतो कोण?



पाठीवरचा फवारणी पंप नीट मारेनासा झाला की तुम्ही काय करता? नोझल सोडवता, जाळी धुता, वॉशर बदलता. नाहीच जमलं तर महाडला किंवा पोलादपूरला जाताना पंप मिस्त्रीकडे टाकता. ऐन चिखलणीत पॉवर टिलर बसला तर लावणी दोन दिवस पुढे जाते. नुकसान होते, पण निभावते. दवाखान्यातले यंत्र असे बसले तर पेशंटला दोन दिवस थांब म्हणता येत नाही.

शेतीखात्याच्या माणसाने दवाखान्याच्या यंत्रांत नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. लावणी आणि कापणी या दोन्ही वेळेला साप-विंचू चावलेली माणसे आपल्याच शेतातून दवाखान्यात जातात. या बाबतीत आपल्या महाड तालुक्याचे नाव जगात झाले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने जाणारी माणसे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने वाचवता येतात, हे त्यांनी पुढे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी स्वस्त, आणि तिला यंत्र लागत नाही. घोणस, फुरसे चावले तर रक्त गोठते की नाही हे पाहायलाही कोरडी, स्वच्छ काचेची नळी आणि २० मिनिटे पुरतात. पण विंचवाच्या विषाने फुप्फुसात पाणी भरले तर प्राणवायू द्यावा लागतो. मण्यार किंवा नाग चावला तर श्वासाचे स्नायूच लुळे पडू लागतात. सर्पविषावरचे इंजेक्शन देऊनही काही तास, कधी काही दिवस, श्वास बाहेरून चालवावा लागतो. अशा वेळी यंत्र चालू हवे.

आता त्यातले एकच यंत्र घेऊ. २०२०-२१ च्या कोरोनाकाळात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नावाची चाकांची पेटी खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांपर्यंत पोचली. काही सरकारकडून आल्या, काही कंपन्यांकडून, काही देणगीतून. ही पेटी बाहेरची हवा ओढते. हवेत नत्र ७८ टक्के आणि प्राणवायू २१ टक्के. पेटीत झिओलाइटचे दाणे असतात. (कोळंबीच्या तलावात टाकतात तेच, जरा वेगळ्या जातीचे.) दाबाखाली ते नत्र धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे सोडतात. या दाण्यांचा शत्रू म्हणजे ओल. कोकणातल्या पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तिथे दाण्यांचे काय होत असेल? पेटी महिनोन् महिने न चालवता कोपऱ्यात झाकून ठेवली की दाणे ओल पितात. मग गरजेला बटण दाबले तर पेटी घरघरते, काटा ५ लिटर दाखवतो, नळीतून वाराही येतो. पण त्यात प्राणवायू ९० टक्क्यांच्या जागी ६० किंवा ७० टक्के असू शकतो. ८२ टक्क्यांच्या खाली गेला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात ती पेटी नापास. हे डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. ते मोजायला लहानसे उपकरण लागते आणि ते वापरता येणारा माणूस लागतो. पेटी अधूनमधून चालवायची, स्पंजची जाळी दर आठवड्याला धुऊन वाळवायची, एवढे तर वॉर्डबॉयही करील. पण त्याला तसे कोणी सांगितलेले असायला हवे!

दुसरे उदाहरण लशीच्या फ्रिजचे. त्याला आयएलआर म्हणतात. आतल्या भिंतीत बर्फाचे अस्तर असते, म्हणून वीज गेली तरी काही तास गारवा टिकतो. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. तोंडाने द्यायची पोलिओची लस उन्हाने बिघडते, हे सर्वांना माहीत आहे. पण धनुर्वाताची, कावीळ बी ची आणि पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्या तरी निकामी होतात. समजा फ्रिज बिघडला आणि घरगुती फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. तो आपल्या परीने चांगले काम करतो, थंडावा वाढवून देतो, पैसे घेऊन जातो. रात्रीतून लस गोठते. सकाळी ती पुन्हा पातळ झाली की बाटली पाहून सहसा कोणाला शंका येत नाही, आणि तीच लस बाळाला टोचली जाते. मिस्त्री वाईट नव्हता, त्याला या फ्रिजचे शिक्षण नव्हते.

गॅसचेही तेच. जुन्या फ्रिजमध्ये सीएफसी गॅस होता. ओझोनच्या करारामुळे आपल्या देशात २०१० पासून तो बंद झाला. नंतर आलेल्या गॅसपैकी आर-६००ए हा पेट घेणारा आहे. जुन्या सवयीने भरलेल्या नळीवर टॉर्च लावला तर भडका उडेल. ज्याने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काम शिकले, त्याला हे पुन्हा शिकवावेच लागते. त्यात त्याचा कमीपणा नाही. आपण तरी सुवर्णाच्या रोपाला लावलेले खत संकरित वाणाला जसेच्या तसे लावतो का?

या एका कामात महाराष्ट्राची सोय चांगली आहे. पुण्यात राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातले तंत्रज्ञ तिथे येतात आणि आयएलआर, डीप फ्रीझर, स्टॅबिलायझर स्वतःच्या हाताने खोलून जोडून शिकतात. हाताने शिकलेला माणूस वेगळाच असतो. माझे म्हणणे एवढेच, की जे लशीच्या फ्रिजसाठी झाले, ते प्राणवायूची पेटी, नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर, ईसीजी, मॉनिटर आणि ऑटोक्लेव्ह यांसाठी का होऊ नये?

केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानात वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला. त्या वेळी २९ राज्यांत मोजणी झाली. २९,११५ दवाखान्यांत ७,५६,७५० उपकरणे निघाली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के बंद होती. उपकरणे वर्षातला किती वेळ चालू हवीत, तेही ठरवून दिले: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात (आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय त्याच पायरीचे) ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. आता हिशेब करा. ८० टक्के म्हणजे वर्षातले ७३ दिवस यंत्र बंद राहिले तरी नियम मोडत नाही. हे ७३ दिवस जून, जुलै, ऑगस्टमध्येच आले तर? आंबेनळी घाटात दरड आली, सावित्री-गांधारीला पूर आला, तर मुंबई-पुण्याचा इंजिनीअर पोचणार कसा? जुलै २०२१ मध्ये काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून म्हणतो, पहिली दुरुस्ती जाणणारा माणूस तालुक्यातच हवा. आणि जिथे नियम सर्वात सैल, तिथेच रस्ता सर्वात वाईट, हा काही योग्य न्याय नव्हे.

विजेचीही गोष्ट विसरू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बालके गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासण्यांचे आदेश निघाले. तपासणी एकदा होते, पण अर्थिंग, सैल प्लग, तापलेली वायर रोज पाहावी लागते. वॉर्मरचा बाळाच्या अंगाला लावलेला सेन्सर सुटला तर यंत्राला बाळ थंड वाटते आणि ते तापवतच राहते. नर्सताईंना हे माहीत हवे, मिस्त्रीलाही.

आमच्या खात्यात १९८० च्या दशकात प्रशिक्षण व भेट पद्धत होती. दर पंधरवड्याला कर्मचाऱ्याने शिकायचे आणि ठरल्या वारी बांधावर जाऊन सांगायचे. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण नोकरीत लागल्यावरही शिकत राहायचे, ही गोष्ट तिने पक्की केली. दवाखान्याच्या तंत्रज्ञाला वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, आठवडाभर तरी असे शिक्षण मिळावे. त्यासाठी माणसे लांब शोधायला नकोत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेशर गेज, तापमापक यांचे कॅलिब्रेशन करणारी पोरे आपल्याच गावांतली आहेत. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावी झालेल्या मुलाला नेहमीच्या फिटर-वायरमनखेरीज याचीही माहिती द्या.

सरपंच, ग्रामसेवक आणि रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना एक विनंती. समितीच्या बैठकीत यंत्रे किती आहेत हे विचारता, तसे आणखी तीन प्रश्न विचारा. प्रत्येक यंत्राची शेवटची सर्व्हिस कोणत्या तारखेला झाली? ते कोणाला चालवता येते? त्या माणसाचे प्रशिक्षण कधी झाले? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. आवाज चढवायची गरज नाही, तारीख लिहिली की पुरे.

आणि मुंबईकर मंडळांना खास सांगणे. गावच्या दवाखान्याला यंत्र देण्याची तुमची हौस मोठी आहे, ती असू द्या. पण फीत कापण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या, की दोन कर्मचाऱ्यांना हाताने शिकवले जाईल, माहितीपुस्तक मराठीत किंवा निदान सोप्या भाषेत मिळेल आणि जादा फिल्टर सोबत येतील. देखभालीचा करार करताना एएमसी आणि सीएमसी यांतला फरक पाहा. एएमसीत बहुधा मजुरी येते आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे पडतात. सीएमसीत भागही धरलेले असतात. ती महाग पडते, पण निदान पाच वर्षांची घ्या, आणि तिचे पैसे यंत्राच्या वर्गणीतच धरा. पैसे कमी पडत असतील तर दोन यंत्रांऐवजी एकच द्या.